निकालाच्या तोंडावर अर्ज

ता. ९ डिसेंबर २०२४

चि. सूर्यभान यास,

आक्काचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तुझ्या गाईला कालवड झाल्याचं तुझ्या भाचीकडून, आरतीकडून कळलं. तू सांगितलं नाहीस, म्हणून लिहिते.

तुझा अर्ज आमच्या वकिलांनी वाचून दाखवला. आपल्या वाटपाच्या दाव्याचा निकाल तोंडावर आला, आणि तू नगरला जिल्हा कोर्टात लिहून देतोस, की राहुरीच्या न्यायाधीश मॅडमनी स्वतः भावाकडून हिस्सा घेतलाय, त्यांचा कल बहिणींकडे आहे, दावा दुसरीकडे न्यावा. आणि हे तुला म्हणे गेल्या आठवड्यात समजलं.

अरे, पहिल्याच तारखेला टपरीवाल्या कानिफनाथने ही बातमी दिली तेव्हा आपण एका बाकावर बसलो होतो. तू भजी खात होतास. मी म्हटलं, "आता तुझं काही खरं नाही." तर तू म्हणालास, "आसू दे आक्का, बाई हुशार हाय." पुढे ऊस तोडायला मनाई मागणारा माझा अर्ज मॅडमनी फेटाळला आणि ऊस तू एकट्याने तोडलास, तोवर बाई हुशारच होती. मग त्यांनी भर कोर्टात विचारलं, "बहिणीला हिस्सा का नाही दिला?" तू म्हणालास, "लग्नात फ्रीज दिलाय की." सगळे हसले. तेव्हापासून बाई वाईट.

वकील म्हणतात, "ताई, पक्षपाताची तक्रार कळल्या कळल्या करायची असते. निकाल कुणीकडे जातोय ते बघून नाही. त्याला आधीच माहीत होतं असं प्रतिज्ञापत्र द्या, अर्ज उडालाच." मी म्हटलं, विचार करते. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच तुझी वकील.

आपण दोघं एकाच मोटारसायकलवर कोर्टात यायचो, हे त्यांना अजून माहीत नाही. तू मला कोपऱ्यावर उतरवायचास आणि अनोळख्यासारखा पुढे जायचास. अर्ज केल्यापासून तू आमच्या फाट्यावर थांबत नाहीस. मी एसटीने जाते. बसायला जागा मिळते, तसं काही नाही.

निकाल लागला की तारखा संपणार. मग माझं तिकडे यायचं निमित्त काय, हे माझ्याही मनात येऊन गेलं. तू निकाल लांबवतोस तो जमिनीपायी, असं वकील म्हणतात.

तरी आज प्रतिज्ञापत्रावर सही केली. तुझं खोटं मी कोर्टात खपवून घेणार नाही. भजी तेवढी वगळली. डॉक्टरांनी तुझं तेलकट बंद केलंय, तुझ्या बायकोच्या, झुंबरच्या कानावर जायला नको. येत्या सोमवारच्या आत अर्ज मागे घेतलास तर माझा कागद वकिलांच्या कपाटातच राहील.

हिस्सा मी घेणारच, सूर्यभान. तो मिळाला की तुझ्या बांधाला माझा बांध लागेल. मग रोज तोंड फिरवून नांगर धरणार आहेस का?

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा.

वादी सविता,
तुझी आक्का