पुस्तकात नसलेला भाऊ

रविवार, संध्याकाळ. आर्वी.

दादाच्या तेरवीला आठ दिवस झाले. आज वहिनीनं त्याची पेटी पुढं ठेवली. "तुमच्या लहानपणचं दिसते, भाऊजी. पाहून घ्या." आत 'वज्रदल'च्या बाहुल्यांसोबत मिळायची ती चित्रकथांची पुस्तकं.

निळा बाहुला दादाचा, पिवळा माझा. मला वाचता येत नव्हतं, दादा वाचून दाखवायचा. निळा आणि पिवळा सख्खे भाऊ, त्यांचा ग्रह फुटला तेव्हा निळ्यानं पिवळ्याला पाठीवर घेऊन आणलं. पुढं टीव्हीवर कार्टून आलं, त्यात पिवळा गद्दार निघाला. मी रडलो. दादा म्हणाला, "कार्टूनवाल्यायले काय मालूम? पुस्तकात भाऊच आहेत." मी मानलं. आता माझी मुलगी नवीन कार्टून पाहते, त्यात तर पिवळा नाहीच.

आज सगळी पुस्तकं वाचली. दोनदा वाचली. पिवळा पहिल्याच पुस्तकात, तिसऱ्या पानावर मरतो. भाऊबिऊ कुठंच नाही. म्हणजे दादा वाचत नव्हताच, पानं उलटत मनानं सांगत होता. काऊन? माझ्या वाट्याला मरणारा बाहुला आला, हे मला कळू नये म्हणून?

तिसरं पान. वाचता यायला लागल्यावरही, इतक्या वर्षांत मी ते एकदाही उघडलं नाही.

सावंगीच्या दवाखान्यात शेवटचे तीन दिवस मी त्याच्या उशाशी होतो. मोबाइल पाहत बसलो होतो. तो म्हणाला, "काही बोल ना बे."

मी म्हणालो, "आराम कर तू."