धोंड्याच्या महिन्यातला चष्मा

बदलापूर गाव,
निज वैशाख, १९५३

तीर्थरूप कोंडाजीमामा यांचे पायी थोरला जावई दौलतराव याचा दंडवत. (दंडवत कागदावरच गोड मानून घ्यावा. हल्ली खरा घालायला वाकलो की जमीन आपणहून कपाळाला भेटायला येते. कारण पुढे येईल.) इकडे सर्व खुशाल. आपली लेक वेणूही खुशाल आहे, पण जरा गप्प आहे. आपल्या गुडघ्याची सूज उतरली का? निर्गुडीचा पाला बांधत असालच. मामींचे अनारसे संपले, चष्मा मात्र संपत नाही. येत्या गुरुवारी आपण धाकट्या सुनंदाची सुपारी फोडणार, आणि तीही केवळ माझ्या शब्दावर, म्हणून वांगणीत धामधूम असेल. मुलगा पाहून आलेला माणूस मी एकटाच. तेव्हा त्याविषयी थोडं लिहायचं आहे, पण आधी चष्म्याविषयी लिहिल्याशिवाय मुलाविषयी लिहिता येत नाही.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालून वाण द्यावं ही आपली रीत. इतर सासरे धोतर देतात, कोणी तांब्या देतो. आपण या अधिकात चष्मा दिलात. अनारशांच्या ताटात तो ऐटीत बसला होता आणि वाणाची पूजा व्हायला हवी म्हणून मामींनी दोन्ही काचांना हळदकुंकू लावलं होतं. मी तो तसाच डोळ्यांवर चढवला, तर अख्खं वांगणी लाल-पिवळं झालं. पुसून पुन्हा चढवला तेव्हा अनारसे भाकरीएवढे दिसू लागले. मंडळी म्हणाली, शोभतो! माझ्या डोळ्यांना आजवर काहीही झालेलं नाही, हे तिथंच सांगता आलं असतं. पण सासऱ्यानं ताटात घातलेल्याला नको म्हणणारा जावई अजून जन्माला यायचा आहे. त्यात आपण वर सांगितलंत की माझा गुडघा सुजलाय, तेव्हा अधिक सरला की अंबरनाथचा मुलगा तुम्हीच पाहून या, आणि चष्मा लावून नीट निरखून पाहा. (म्हणजे वाण मला होतं की मुलाला, याचा मी अजून विचार करतो आहे.)

घरी आलो आणि उंबऱ्यानंच दगा दिला. तो मला गुडघ्याएवढा दिसला, म्हणून बगळ्यासारखा पाय उचलून टाकला, तो थेट वेणूनं निवडत ठेवलेल्या तांदळाच्या सुपात. दुसऱ्या दिवशी बांधावर उभे असलेले तलाठी पाहून लांबूनच लवून रामराम केला. उत्तर येईना, म्हणून जवळ जाऊन पुन्हा केला. ते गेल्या हंगामातलं बुजगावणं होतं. (त्याच्या डोक्यावरचं मडकं मीच रंगवलं होतं.) जवळचं सारं दुप्पट आणि लांबचं सारं धुक्यात, असा हा कारभार. शेजारची पुतळाबाई तर काचेतून माझे एवढे मोठे डोळे पाहून ओरडलीच, “अगो बाय! दादा, तुमचं डोलं हवरं मोठं कसं झायलं?” बाकी गावानं मात्र एकमतानं सांगितलं की चष्मा फार छान आहे, सासरा असावा तर असा. चारचौघांत लावलेलं वाण उतरवायचं कसं? आपली माणसं बाजाराला इकडे येतात आणि माझ्या नाकाकडे आधी पाहतात, मग रामराम करतात. माझं डोकं ठणकत होतं, पण आपला मान राहिला होता.

याच अवस्थेत गावातल्या गोमाच्या बैलगाडीतून अंबरनाथला बुवापाड्यात गेलो. मुलगा काड्यापेट्यांच्या कारखान्यात कामाला. नाव शरदचंद्र. परत येताना घरी न थांबता तसाच पुढे वांगणीला येऊन मी आपल्याला जे सांगितलं ते आठवत असेलच: मुलगा अंगापिंडानं पैलवान, खोली लग्नाचा मांडव घालता येईल एवढी, दारात काळीभोर म्हैस, आणि पाहुण्यापुढे ठेवलेले लाडू नारळाएवढे, म्हणजे घर सढळ हाताचं. यातला एकही शब्द मी पदरचा घातला नव्हता. जे दिसलं ते सांगितलं. आपण मांडीवर थाप मारून म्हणालात, पाहा, चष्म्याचा उपयोग झाला की नाही!

परवा ठणका सोसवेना, म्हणून गुपचूप कॅम्पात गेलो. उल्हासनगर हे नवं नाव आमच्याकडे अजून कोणाच्या तोंडी बसलेलं नाही. आपण जिथून चष्मा घेतलात तो सिंधी दुकानदार भला माणूस निघाला. त्यानं काच हातात घेताच ओळखलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, “साईं, मैंने तो बोला था, जिसकी आँख उसको लाओ. आपके ससुर बोले, जमाई का माल है, छोटा नंबर दिखाके मेरी इज्जत मत निकालो.” मामा, चष्म्याचा नंबर म्हणजे धोतराचा पन्हा नव्हे हो! तो जितका मोठा तितके डोळे अधू. जावयाला कमी दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून आपण दुकानातला सर्वांत मोठा नंबर उचललात, आणि गावभर मिरवायला मला धाडलंत. आपल्या मोठेपणाला तोड नाही. तो तेवढा मोठा दिसायला मात्र कोणता चष्मा लागतो, ते मला आता कळलं. लहान तोंडी मोठा घास झाला असल्यास क्षमा असावी.

बाकी आपल्या आशीर्वादानं ठीक. मामींना नमस्कार, सुनंदाला आशीर्वाद. गुडघ्याला जपावं.

आपला आज्ञाधारक,
दौलतराव

ता. क. – एक लिहायचं राहिलं. काल शरदचंद्र सुपारीला किती माणसं आणावीत ते विचारायला आमच्याकडे आला होता. मी घाम पुसायला चष्मा काढला होता, त्यामुळे तो मला पहिल्यांदाच दिसला. पैलवान म्हणजे तो माझ्या खांद्याला लागतो, आणि फुंकर मारली तर खुंटीला धरून उभा राहील. खोलीचं विचारलं तर म्हणाला, पाहुणे आले की आम्ही भाऊ बाहेर निजतो. म्हैस कोणाची म्हटल्यावर गोंधळला. ते डांबराचं पिंप आहे. लाडू आपल्या नेहमीच्या लाडवांएवढेच होते.

दुसरा ता. क. – पण खरं तेही सांगतो. मी चष्मा पुन्हा चढवला तशी त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “भावोजी, राग मानू नका, पण हा आधी काढा. डोळे जातील.” एवढ्या दिवसांत गावातल्या कोणाच्याही तोंडून हे निघालं नव्हतं. मग त्यानं काच उन्हात धरली आणि माझी विडी पेटवून दिली. काड्यापेट्यांच्या कारखान्यातला माणूस, आणि काडी न ओढता विडी पेटवून असा हसला की वेणूही हसली. मला तो आवडला, मामा. पण माझ्या आवडीवर आता कोणी सुपारी फोडू नये. तेव्हा गुरुवारची सुपारी थांबवा. मुलाला एकदा वांगणीला बोलवा, आणि या वेळी ना मला पाहू द्या ना स्वतः पाहा. सुनंदाला पाहू द्या. जन्म तिला काढायचा आहे. ती हो म्हणाली तर त्याच दिवशी फोडा, नाही म्हणाली तर सुपारी वाळत नाही.

तिसरा ता. क. – हे शेवटचं सुचवणं वेणूचं आहे, श्रेय माझं नाही. ती म्हणते, माझ्या वेळी बाबांनी मुलगा तिन्हीसांजेला, लांबून, चालत्या बैलगाडीतून पाहिला होता, आणि तेव्हा तर चष्माही नव्हता. याचा अर्थ काय, हे मी तिला विचारलं नाही. ती समोर बसून माझ्याकडे निरखून पाहते आहे, आणि मी चष्मा लावलेला नाही.