चार लंगडे मोर आणि एक बसकर

कात्रप, बुधवार

तीर्थस्वरूप सगुणावन्संना,

विनिताचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जितकं वाकता आलं तितकं पोचलं असं समजा). तुमचे गुडघे, तुमची म्हैस आणि तुमची सून, तिघांची प्रकृती बरी असावी. इकडे तुमचे बंधू ठीक आहेत. ठीक असण्यापलीकडे ते काही करत नाहीत. तुमचं बदलापूर गाव इथून रिक्षाने दहा मिनिटांवर असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही बोलता. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं.

वास्तुशांतीच्या दिवशीचं भांडण मी केव्हाच विसरले. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांच्या वेण्या घालून, त्या गोल शिवून, चार माणसं बसतील एवढं बसकर तुम्ही आणलंत. ते हॉलमध्ये शोभणार नाही, असं मी म्हणाले (हळूच म्हणाले होते, पण तुमचे कान गुडघ्यांपेक्षा धडधाकट आहेत). तुम्ही "नको त दे मना" म्हणून ते काखेत मारलंत आणि न जेवता निघून गेलात. त्याला सात महिने आणि नऊ दिवस झाले. मी मनात काहीही ठेवलेलं नाही.

पण हॉल रिकामा राहिला. त्यात समोरच्या उन्नतीने अंबरनाथहून मशीनचा गालिचा आणला आणि तेव्हापासून ती दार उघडं टाकून बसते. मशीनचा गालिचा म्हणजे शाळेचा गणवेश, घरोघरी तोच. मी हाताने विणलेलाच घ्यायचा ठरवलं आणि चार दिवस मोबाइलवर अभ्यास केला. सार एवढंच, की यंत्र चुकत नाही, माणसाचा हात चुकतो. म्हणून चूक दिसली की हात ओळखावा. हे मी महिला मंडळात इतक्या ठामपणे सांगितलं, की अध्यक्षा संध्याताईंनी येत्या शनिवारी माझं भाषणच ठेवलं, "घरासाठी गालिचा: हाताचा की यंत्राचा?"

मग संध्याताई आणि आणखी दोघींना घेऊन मी उल्हासनगरला प्रीतमशेठच्या दुकानात गेले. तो मला आंटी म्हणाला (माझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल). मी त्याला सांगितलं, बिनचूक माल दाखवून आमचा वेळ घालवू नका, चुका असलेला दाखवा. वन्सं, त्या माणसाचा चेहरा असा उजळला, जणू वीस वर्षं माझीच वाट बघत होता. तो स्वतः गोडाऊनमध्ये शिरला आणि धूळ झटकत चार गुंडाळ्या घेऊन आला. एक उलगडली. मधोमध मोर, आणि मोराला डावा पाय नाही! माझे डोळे भरून आले. कारागिराचे हात थकले असतील, दिवस मावळला असेल, पाय राहून गेला असेल. चौघींनी चार घेतले. बाकीचे तीन तिथे उलगडून बघायचं कुणाला सुचलं नाही.

सोमवारी भाषणाच्या तयारीला ते चारही गालिचे मंडळाच्या हॉलमध्ये शेजारीशेजारी अंथरले. चार मोर. चौघांनाही डावा पाय नाही.

"काकू," उन्नती म्हणाली, "चौघं एकाच रिक्षाखाली आले का हो?"

मी म्हणाले, कारागीर एकच, त्याची सवय एकच. तर तिने कोपरा उलटा केला. मागे यंत्राच्या मालाला असतो तसा पांढरा गोंद थापलेला, आणि गोंडे साडीला फॉल लावावा तसे वरून शिवलेले. मग सगळ्यांसमोर म्हणते, शनिवारी खरा हाताचा गालिचा दाखवा, नाहीतर माइकवर कबूल करा, मशीन जिंकलं म्हणून. संध्याताईंनी ते लगेच इतिवृत्तात लिहून घेतलं. त्या बाईला एरवी स्वतःचा चष्मा सापडत नाही.

मी तशीच उल्हासनगरला गेले. सभ्य स्त्रीने आवाज चढवू नये, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने शिकवलंय. म्हणून आवाज न चढवता मी प्रीतमशेठला पंधरा मिनिटं इंग्रजीत झापलं. तो शांतपणे म्हणाला, "आंटी, मैंने हॅन्डमेड बोला क्या? आप बोलते गये, मैं चुप रहा. आपको गलती चाहिये थी, मैंने पूरा गोडाऊन ढूंढ के दी." वर सरबत पाजलं. सरबत चांगलं होतं, हेच मला जास्त लागलं.

असो. हे सगळं आपलं सहज कळवलं. मागणं काही नाही. तब्येतीला जपा, म्हशीला आणि सुनेला आशीर्वाद.

तुमची,
विनिता

ता. क. तुमचा तो हातविणीचा, वर्तुळाकार, जगात एकमेव गालिचा शनिवारी चार वाजता लागेल. पत्र घेऊन आलेल्या बंधूंच्या हाती द्या. कुठे टाका चुकला असेल तर कृपा करून दुरुस्त करू नका.

ता. क. दुसरा. कारागीरही समोर हवा, असं उन्नतीचं म्हणणं आहे. तेव्हा तुम्हीही या. फलकावर तुमचं नाव "ज्येष्ठ हस्तकलातज्ज्ञ" म्हणून कालच छापून झालंय, माझ्या नावाहून मोठ्या अक्षरांत (संध्याताईंचा गाढवपणा).

ता. क. तिसरा. वास्तुशांतीचं भांडण माइकवर काढायचंच असेल तर तुमच्या आगरी बोलीत काढा (ती मंडळात कुणाला कळत नाही), आणि बोलताना बोट बसकराकडे असू द्या. बायकांना वाटेल, विणायची रीत सांगताय. मी मान डोलावत राहीन.