एकाच कार्डाच्या आठ बायका

३ मार्च
सो-दामनं वेबसाइटवर कार्डानं पैसे घ्यायची सोय केली. मला विचारलं — सगळं करून झाल्यावर! आतापर्यंत बरं चाललं होतं. गिऱ्हाइकानं माझ्या खात्यात पैसे भरायचे, पासबुकात नाव दिसायचं, मी सुकी मासळी पाठवायची. आता मध्ये एक कंपनी घुसली. आठवडाभर पैसे दाबून ठेवणार, वर शेकड्याला तीन कापणार. का? मासळी वाळवायला येते का ती?

"आत्या, खात्यात पैसे भरत कोण बसतं आता?" माझ्या भावाची पोर. माझा धंदा वर काढायला ग्वांगजूची नोकरी सोडून मोक्पोला आलीय. साहेबानं महिनाअखेरपर्यंत जागा राखलीय. ही म्हणते, वेबसाइट चालली की कायमचा नकार कळवते.

९ मार्च
पाच ऑर्डरी. सगळ्या कार्डानं. सो-दाम खूश. मी नाही.

१४ मार्च
आणखी सहा. कंपनीच्या पानावर कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसतात. उतरवून काढले. सोल, देगू, इंचॉन — बायका वेगळ्या, पत्ते वेगळे, आणि आठ जणींचं कार्ड एकच. ४१७०. चोरीचं असणार! खरा मालक जागा झाला की कंपनी माझ्याकडून वसूल करणार, आणि मासळी गेलेली.

शेजारच्या गाळ्यावरची ओक-बुन म्हणाली, "तुझ्या मासळीला काय सोनं लागलंय गं, सगळा देश एकदम मागायला?" बोलली कुजकं, पण खोटं नाही.

१५ मार्च
सो-दामला आकडे दाखवले. "कंपनीचा काहीतरी घोळ असेल." मान वर न करता पाकिटं चिकटवत राहिली.

१८ मार्च
कंपनीला फोन. गोड आवाजाची बाई. कार्ड चालू आहे, तक्रार नाही, नाव सांगता येत नाही. कसं सांगतील! चार पाकिटं अडवून ठेवली. सो-दाम फणकाऱ्यानं स्वतः पोस्टात टाकून आली.

२४ मार्च
सो-दामनं खाणावळीत कालगुक्सू, रश्शातल्या शेवया, खायला नेलं. "धंदा चाललाय, आज पैसे मी देणार." कार्ड दिलं. पावती टेबलावर राहिली, मी उचलली — सवयच माझी.

४१७०.

पावती पिशवीत घातली. येताना ती बडबडत होती — उन्हाळ्यात छोटं पाकीट काढू, एकतीसला साहेबाला नकार कळवते. घरी येऊन खरी गिऱ्हाइकं मोजली. तीन. पोरीनं मैत्रिणींच्या नावानं ऑर्डरी घालून साठवलेलं सगळं घालवलं असेल, आणि हरले म्हणायची लाज वाटते तिला. माझी लाडकी, वेडी पोर.

२७ मार्च
सकाळी भांडण उकरून काढलं. म्हटलं, कार्ड चोराचंच आहे, माझी खात्री आहे. चोरीचा पैसा नको मला — कंपनीला सांगून त्या कार्डावर सगळा परत फिरवलाय. वेबसाइट आजच बंद.

"तुझा कुणावरच विश्वास नाही, आत्या! तुझ्याबरोबर धंदा होणं शक्य नाही." रडत रडत बॅग भरली. दुपारच्या बसनं ग्वांगजूला गेली. सोमवारी कामावर जाईल.

जाताना माझ्याकडे बघितलं नाही. असू दे.