वशिंडातला नळ

९ मार्च, सोमवार

प्रिय बारक्यास,
दादाचे भरभरून आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. सगळे जिवंत आहेत. माझा गुडघा आणि तुझ्या वहिनीची जीभ, दोन्ही पहिल्यासारखेच चालू आहेत. पत्ता तुझ्या जुन्या कार्डावरून घेतला आहे. तू घर बदललं असशील तर हे कोण वाचेल, या काळजीने दोन कागद फाडले. हा तिसरा.

मुख्य बातमी म्हणजे नातीने मला तिचा जुना फोन दिला. पहिल्याच दिवशी त्याची काच मी टर्पेंटाइनने पुसली. नात ओरडली, "आजोबा, ती दुकानाची पाटी नाहीये!" फोन वाचला, पण त्याला अजून आपल्या पाट्या रंगवायच्या दुकानाचा वास येतो. प्रश्न तोंडी विचारला तरी चालतो. मी प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी "उत्तर कळवावे, आपला नम्र" म्हणायचो. नात पोट धरून हसली, पण काय जग आहे रे त्यात! ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. माझं एकच, तरी त्याला तपासायला डॉक्टर अर्धा तास घेतो. वोंबॅट नावाचा एक प्राणी चौकोनी लेंड्या टाकतो. हे मी वहिनीला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "एवढं बघायला डोळ्यांचं ऑपरेशन केलं का?"

आता मला सगळीकडे अडाणीपणाच दिसतो. परवा न्हावी म्हणाला, "रोज दाढी केली की केस जाड येतात." मी म्हटलं, "साफ खोटं. फोनमध्ये बघ." त्याने वस्तरा माझ्या गळ्यावरच थांबवला. "काका, माझा धंदा बसवायचाय का?" शेजारचे निवृत्त पोस्टमन बैलाला घाबरून लाल स्वेटर घालत नाहीत. बैलाला लाल रंग वेगळा कळतच नाही, हे मी त्यांना व्हिडिओ दाखवून पटवलं. तरी ते म्हणाले, "पण बैलाने हा व्हिडिओ पाहिलाय का?"

असा महिनाभर मी लोकांना हसत होतो. मग एका दुपारी वाटलं, जे आपल्याला पक्कं ठाऊक आहे तेही एकदा मजेखातर पाहावं. म्हणून उंटाचं विचारलं.

बारक्या, इथे मी चहा घ्यायला उठलो होतो. परत बसलो.

वशिंडात पाणी नसतं. चरबी असते. मी चार व्हिडिओ पाहिले. पाचवा एखादा तरी माझ्या बाजूने निघेल अशी आशा होती.

अकरा वर्षांपूर्वी तू हेच म्हणाला होतास. टाकीवाल्याची पाटी होती. नेहमीसारखी अक्षरं माझी, चित्र तुझं. तुझा उंट असा उतरला होता की आता मान वळवेल असं वाटायचं. मी म्हटलं, वशिंडाला नळ काढ, पाण्याच्या टाक्यांचं दुकान आहे. तू म्हणालास, "दादा, तिथे पाणी नसतं. लोक हसतील." आणि मी गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "सातवीत दोनदा बसलेल्याने मला शिकवू नये." मी स्वतः चौथी पास, हे मात्र टाकीवाल्याला सांगितलं नाही. तू ब्रश धुतलास, पुसलास, डब्यात उभा ठेवलास आणि गेलास. नळ मी काढला. वाकडा आला.

ती पाटी अजून कोपऱ्यावर आहे. लोक हसतात, तू म्हणाला होतास तसेच. मागच्या आठवड्यात मी नळ झाकायला वर चढलो. खाली शिडी धरून वहिनी म्हणत होती, "पडलात तर भावजींना मी पत्र लिहिणार नाही हं!" पण उंटाचा तो मातकट रंग तू कशात काय मिसळून केला होतास, देव जाणे. माझ्याच्याने जमला नाही. आता नळाच्या जागी पांढुरका चौकोन आहे. टाकीवाला म्हणाला, "पेंटर, उंटाला लागलं का? मलमपट्टी दिसते." मी हसलो. खूप दिवसांनी मनापासून हसलो, आणि घरी येऊन कागद घेतला.

कालच एक व्हिडिओ पाहिला. समुद्रातली पाणमांजरं झोपताना कधीकधी एकमेकांचा हात धरतात, वाहून जाऊ नये म्हणून. तो मी तीनदा पाहिला. वहिनीला दाखवला नाही, तिने कारण विचारलं असतं.

रंग मिसळायला तूच हवास. तुझा ब्रश त्याच डब्यात आहे. केस कडक होऊ नयेत म्हणून मी तो दर रविवारी तेलात बुडवून पुसतो. अकरा वर्षं शिडीपाशी तू नाहीस, आणि त्याआधी कायम मी वर आणि तू खाली. आता उलट करू. चूक माझी होती. ये.

खाली शिडी घट्ट धरून उभा असलेला,
तुझा दादा