सगळ्या रेघा काळ्या

३ मार्च, सोमवार
कारखान्यातला ग्राइंडर सुटला. आजपासून कॉम्प्युटर. ड्रॉइंगच्या मॅडमनी समजावलं: निळी रेघ म्हणजे मोकळी, तिचं माप-ठिकाण ठरलेलं नाही. काळी म्हणजे पक्की. लाल म्हणजे एकाच रेघेवर दोन मापं भांडतायत. एका फटक्यात कळलं. सातवी नापास असून. शनिवारी परीक्षा, चार भोकांची एक प्लेट स्क्रीनवर काढायची. जमली तर खुर्ची कायमची, नाहीतर परत ग्राइंडर. आईला फोनवर सांगून टाकलं, ऑफिसात लागलो.

५ मार्च
सगळं निळंच. एक रेघ काळी केली की दुसरी पळते. मॅडम म्हणाल्या, भोकाला दोन्ही कडांपासून माप दे, नाहीतर ते हिंडणारच. कसं द्यायचं ते विचारलं नाही. विचारलं की किंमत जाते. उद्यापासून अर्धा तास लवकर.

६ मार्च
लवकर जमलं नाही. खोलीतला जोडीदार घोरतो. दिसेल तिथे मापं ठोकली, सगळं लाल झालं. मशीनलाच माणूस वर आलेला बघवत नाही. ग्राइंडरवरचे मामा जाता जाता विचारून गेले, साहेब, खुर्ची गरम झाली का? अशा लोकांपासून लांब राहायचं.

७ मार्च, दुपारी ३
सापडलं! स्क्रीनच्या कोपऱ्यात रंगांची पेटी आहे. सगळ्या रेघा धरल्या, काळा दाबला. दोन मिनिटं. शिकलेल्यांना हे सुचत नाही. आईला कळवलं, पक्का झालो.

८ मार्च, शनिवार
मॅडम स्क्रीन बघून खूश. मग माउसने एक भोक धरून ओढलं. ते निवांत चालत प्लेटच्या बाहेर गेलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, नुसता रंग दिलास. विचारलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं."
ओरडायला हवं होतं. माउस जास्तच नाजूक आहे, हे त्यांना सांगायचं राहिलं.

१० मार्च, सोमवार
ग्राइंडर. तात्पुरता. मामांनी माझा जुना गॉगल पुसून ठेवला होता. टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं.
आईचा फोन. गल्लीभर सांगून झालंय, आता खुर्चीतला फोटो हवाय. जेवणाच्या सुट्टीत मॅडमच्या खुर्चीत बसलो आणि काढला. मागे स्क्रीनवर माझीच प्लेट, मॅडमनी दुरुस्त केलेली. सगळ्या रेघा काळ्या.
पाठवला. फोटोत काही फरक कळत नाही.