उपसलेला टायर

प्रिय नीलम,

जबड्याला तारा बांधल्यामुळं तुला बोलता येत नाही, असं कळलं. माझ्या मेसेजला उत्तर नाही, ते मात्र तारांमुळं नसावं. म्हणून आज कागद घेऊन बसले. पूर्ण वाचशील ना गं?

अप्पांचा डावा डोळा गेला. परभणीच्या डॉक्टरांनी तसं सांगितलं. घरी आल्यावर चहाचा कप ओट्यावर ठेवायला गेले आणि कडेच्या बाहेर सोडला. फुटलेल्या कपाकडं बघत म्हणाले, "मला वाटलं हितंच हाय ओटा."

तू पडलीस तेव्हा मी तुझ्या अगदी मागं होते. विद्यापीठाच्या वळणावर तू सायकल कलती केलीस आणि पुढचा टायर साल निघावी तसा रिमवरून सोलून निघाला. उघडी रिम डांबरावर किंचाळली. तू तोंडावर आपटलीस. रेस सोडून मी तुझे दात रस्त्यावरून वेचले, रुमालात बांधून डॉक्टरांकडं दिले. तुझ्या रक्तानं माझे हात कोपरापर्यंत भरले होते.

मानवतला घरी येऊन ते हात धुते न धुते, तोच जीवनदादा दारात. हातात हवा भरायचा लोखंडी पंप. "टायर तूच बसवला ना? माझ्या बहिणीला मारायला?" अप्पा मधे आले, "माझ्या पोरीला हात लावू नको बाबा, मला बोल" म्हणाले. पहिला फटका त्यांच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. ते खाली पडल्यावरही तो मारतच होता. मी त्याच्या मनगटाला चावले, तोंडात रक्त येईपर्यंत सोडलं नाही. त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटलं. गल्लीतल्या माणसांनी त्याला ओढून काढलं तेव्हा पंप वाकला होता.

दवाखान्यात अप्पांच्या उशाशी बसून मी तुझा टायर मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बसवला. आपण नवा टायर आधी जुन्या रिमवर ताणून ठेवला होता. मग रिमला आणि टायरला, दोन्हीकडं चिकटवायचं सोल्युशन लावलं, वाळू दिलं, वरून दुसरा थर दिला, आणि व्हॉल्व्हपासून दोन्ही अंगठ्यांनी दाबत आणला. हात काळे झाले म्हणून तू माझ्या गालाला पुसलेस. चुकलं कुठं, तेच सापडत नव्हतं.

मग तुझी आई आली, जीवनदादावरची केस मागं घे म्हणायला. पाया पडायला लागली, मी धरलं. रडता रडता काकू म्हणाल्या, "लय जीव हाय गं त्याचा नीलमवर. रेसच्या सकाळी टायर हवा जाऊन बसलेला दिसला म्हणून त्यानंच उपसून पंक्चरवाल्याकडं नेला, परत बसवून बी आणला."  त्या बोलतच राहिल्या, आपण काय सांगितलं ते त्यांना कळलंच नाही.

रेसच्या टायरच्या आत शिवलेली ती पातळ रबराची ट्यूब भोक नसतानाही रात्रीत हवा सोडते. सकाळी फक्त पंप मारायचा असतो. तुला हे माहीत होतं. पण त्या सकाळी तू पाठीवर लावायचा रेसचा नंबर घ्यायला गेली होतीस, आणि त्याला माहीत नव्हतं. पोलीस ठाण्यात जमा असलेलं तुझं चाक मी जाऊन पाहिलं. रिमवर स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे आहेत, सोल्युशनचे पापुद्रे उचकटलेत, त्यात धूळ बसलीय. पंक्चरवाल्यानं सोल्युशनचा नवा थर दिलेलाच नाही. नुसत्या हवेवर धरलेला टायर घेऊन तू त्या वळणाला गेलीस.

उद्या मी हे सगळं जबाबात सांगणार आहे आणि मारहाणीची केस मागं घेणार नाही. नीलमला सांगू नको, ती मोडून पडेल, असं काकूंनी विनवलं. पण तुझ्या भावाबद्दल तुला कोर्टातून कळावं, हे मला सोसणार नाही. टायर त्यानं तुझ्यासाठी उपसला, मायेपोटी उपसला, हेही मी जबाबात लिहायला लावणार आहे. अप्पांना मारलं ते कुणासाठी, हे त्याला तू विचार. माझ्यावर रागव, तोंड बघू नको म्हण, पण विचार.

तुझीच,
वैष्णवी